भाच्याच्या दुकानात चार दिवस

दाभोळच्या खाडीवरची फेरीबोट आमच्या रोजच्या जगण्यातली. अलीकडे दाभोळ, पलीकडे धोपावे, मधे वाशिष्ठीचे पाणी. पावसाळा सरला की या बोटीत मोटारी आणि मोटारसायकलींच्या मधे चार-दोन सायकलीही दिसू लागतात. या आपल्या गावातल्यासारख्या साध्या सायकली नसतात. हँडलला गुंडाळी बांधलेली, मधल्या त्रिकोणात पिशवी, सीटमागे लांबट गाठोडे. बरोबरची माणसे पुण्या-मुंबईकडची, उन्हाने रापलेली. ताम्हिणी घाट उतरून, बागमांडल्याची खाडी ओलांडून, केळशी-आंजर्ले-हर्णै करीत ती येतात आणि गुहागर, जयगडवरून रत्नागिरीकडे जातात. काही थेट गोवा गाठतात. मी त्यांच्याकडे कौतुकाने पाही. पण या सायकलींचा एकेक नट कुणीतरी आवळलेला असतो, हे कधी मनात आले नव्हते. ते आले गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, आणि तेही मी भलत्याच कामासाठी पुण्याला गेले तेव्हा.

काम आपाने सोपवले होते. तिचा मुलगा चोवीस वर्षांचा. आय.टी.आय.मधून फिटरचा कोर्स केलेला. तीन वर्षांपासून पुण्यात, लांबच्या प्रवासाच्या सायकली विकणाऱ्या आणि तयार करून देणाऱ्या एका दुकानात मेकॅनिक आहे. दुल्हाभाई बावीस वर्षे कुवेतला. आता त्यांचे गुडघे दुखतात, घरी यायचे म्हणतात. त्यांच्या कंपनीत मुलाला घ्यायची तयारी होती, महिनाभरात कागद द्यायचे होते. मुलगा मात्र "बघतो" म्हणून फोन ठेवायचा.

"तू शिकवणारी आहेस, तुझं ऐकेल तो," आपा म्हणाली. "पंक्चरं काढायला का आय.टी.आय. केलं यानं?"

खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते.

कोंढव्यात नणंदेकडे उतरले आणि दुसऱ्या दिवशी बसने दुकान गाठले. बाहेरून काचेचे, चकचकीत. आत शिरल्यावर मागच्या अंगाला त्याची जागा. दोन उभे स्टँड, त्यांवर सायकली जमिनीपासून छातीइतक्या उंच टांगलेल्या. भिंतीवर पान्हे, प्रत्येकाच्या मागे त्याच्याच आकाराची काळी बाह्यरेषा रंगवलेली. एखादा पान्हा जागेवर नसला की रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते. आमच्या प्रयोगशाळेत ही युक्ती करावी, असे तिथल्या तिथे ठरवून टाकले.

"खाला, आधी चहा घ्या. बोलायचं ते नंतर," भाचा हसून म्हणाला. मी कशाला आले ते त्याने ओळखले होते. मला एक स्टूल दिले आणि तो कामाला लागला. त्या स्टुलावर मी चार दिवस बसले.

दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे या धंद्याचा मोसम. पाऊस गेलेला, ऊन कोवळे, सगळ्यांना सुट्ट्या. सकाळी दहाला शटर वर जायच्या आधी दोघे-तिघे सायकल घेऊन दारात. पहिले काम धुण्याचे. "घाणीखाली भेग लपते," भाचा म्हणाला. धुऊन, पुसून सायकल स्टँडवर चढवायची, मग चेन मोजायची. चेनचा जोड अर्ध्या इंचाचा, म्हणजे नव्या चेनचे चोवीस जोड बरोबर बारा इंच भरतात. वापराने आतल्या पिना झिजतात आणि चेन लांबते. बारा इंचांत एक षोडशांश इंच वाढली की बदलायची. तेव्हा कंटाळा केला तर पुढे दातेरी चकत्याही खराब होतात आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो. मुलांना अपूर्णांक शिकवताना असे उदाहरण मला आजवर सुचले नव्हते.

मग चाक. चाक डावी-उजवीकडे डुलत असेल तर त्याचा 'आऊट' काढायचा. हा शब्द आपल्या गावच्या सायकलवाल्याचाच, इथेही तोच. चाक फिरवायचे, कुठे घासते ते पाहायचे आणि तिथल्या तारेचे निपल पाव फेरा पिळायचे. एका बाजूची तार आवळली की रिम त्या बाजूला ओढली जाते, म्हणून समोरची थोडी सैल करायची. भाचा बोटाने एकेक तार छेडून कानाने ऐकत होता. एकाच बाजूच्या तारांचा आवाज सारखा आला म्हणजे ताण सारखा. रोजच्या सायकलीला अठ्ठावीस तारा चालतात, पण सामान लादून खडीच्या रस्त्याने जायचे तर बत्तीस किंवा छत्तीस तारांचे चाक तो सुचवतो.

सामानाचीही एक तऱ्हा असते. पूर्वी लांब जाणारे मागे कॅरिअर लावून दोन्हीकडे पिशव्या सोडत, बैलाच्या पाठीवर गोणी टाकावी तशा. आता पुष्कळ जण कॅरिअर लावतच नाहीत. पिशव्या थेट सायकलीच्या अंगाला बांधतात. यालाच बाइकपॅकिंग म्हणतात. सामान कमी मावते, पण सायकल अरुंद राहते आणि पायवाटेवरही जाते. जड वस्तू मधल्या त्रिकोणात, हलके अंथरूण हँडलला, कपडे सीटमागे. पट्टा जिथे घासतो तिथे रंग जाऊ नये म्हणून भाचा आधी पारदर्शक टेप लावतो. गिऱ्हाइकाला समजावतानाचे त्याचे बोलणे ऐकत राहावे असे. "काका, तेलाचा ब्रेक छान लागतो, पण वाटेत गळला तर गावात कुणाला जमणार नाही. केबलचा घ्या. केबल खिशात मावते." किंवा, "स्टीलची फ्रेम जड आहे खरी, पण मोडली तर गावचा वेल्डरसुद्धा जोडून देईल." कोकणात निघालेल्यांना तो हमखास सांगतो: खाडी ओलांडली, समुद्राकाठी मुक्काम झाला, की गोड्या पाण्याने सायकल पुसा, चेन कोरडी करा, तेलाचे थेंब सोडा. खारी हवा लोखंडाला सोडत नाही. ते ऐकताना मला आमच्या घराच्या खिडक्यांचे गज आठवले.

दुसऱ्या दिवशी मला सायकलींवर एक गोष्ट दिसली. जवळजवळ प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ होती. अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी शेजारच्या भागावर. वहीवर आम्ही बरोबरची खूण करतो तशी. मी विचारले. त्याने हातातले काम थांबवले.

"बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, खाला. मग नुसतं बघून कळतं."

"हे दुकानात शिकवलं?"

"नाही. दोन वर्षांपूर्वी मी एक चूक केली."

त्याने सांगितले ते असे. एका बँकेतल्या गृहस्थांना सायकल तयार करून द्यायची होती. संध्याकाळची गर्दी. कॅरिअरच्या खालच्या बोल्टला, धक्क्यांनी सैल होऊ नये म्हणून, चिकटद्रव्य लावायचे असते. चारपैकी एकाला लावायचे राहिले. तिसऱ्या दिवशी घाट उतरताना तो बोल्ट पडला, कॅरिअर कलंडले, पिशवी चाकात गेली. गृहस्थांच्या गळ्याजवळचे हाड मोडले.

"ते मला काही बोलले नाहीत. रस्ताच खराब होता म्हणाले. पण सायकल दुकानात आली, बोल्टची जागा पाहिली, आणि मला कळलं. मालकांना सांगितलं. मग त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, चूक माझी होती."

"मग?"

"त्यांनी पाणी दिलं. मग सायकल परत माझ्याकडेच पाठवली."

त्या दिवसापासून तो प्रत्येक बोल्टला रेघ ओढतो आणि एका जाड वहीत लिहून ठेवतो: कोणाची सायकल, काय बदलले, किती आवळले, कुठे जाणार. हँडलचे बोल्ट तो अंदाजाने आवळत नाही. किती जोर पडतो ते दाखवणारा पान्हा वापरतो, बहुधा पाच न्यूटन-मीटरवर. मी वही चाळली. अक्षर वाईट, पण एकही ओळ रिकामी नव्हती. अमानत हा शब्द मी वर्गात कितीदा फळ्यावर लिहिला असेल. त्या दिवशी तो मला तेलाचे डाग पडलेल्या वहीत दिसला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक तरुण घाईघाईने आला. पहाटे चारला निघायचे, नुसता आऊट काढून द्या म्हणाला. भाच्याने चाक फिरवले आणि थांबला. रिमला जिथे तार शिरते तिथे केसाएवढी भेग होती. "हे चाक मी देणार नाही. उद्या नाही तर परवा तिथूनच फाटेल."

"मी लिहून देतो, माझी जबाबदारी," तरुण म्हणाला.

"तुम्ही लिहून द्याल. उतारावरून पडाल तुम्हीच."

आवाज चढला. मालक बाहेर आले. जुने गिऱ्हाईक, वर्षाला बरीच खरेदी करणारे. मालक क्षणभर घुटमळले, ते मला दिसले. मग त्यांनी चाक हातात घेतले, भेगेवरून नख फिरवले आणि म्हणाले, "तो म्हणतो ते खरं आहे." शेवटी भाच्याने दुकानातले एक वापरलेले चाक चार दिवसांसाठी दिले, रात्री साडेनऊपर्यंत बसून बसवले आणि त्याची मजुरी लावली नाही. तरुण आभार न मानताच गेला. भाचा पान्हे जागेवर लावत राहिला.

या कामात हात फार काळे होतात. चेनचे काम करताना तो रबरी मोजे घालतो. कारण विचारले तर म्हणाला, ग्रीस नखांत बसलं की वुजूला खूप वेळ लागतो, आणि जोहरच्या वेळी दुकानात गर्दी असते. बेसिनशेजारी एक जुना दात घासायचा ब्रश फक्त नखांसाठी ठेवलेला. मालकांनीच मागच्या खोलीत एक कोपरा रिकामा ठेवला आहे, सुटे टायर तिथे कोणी लावत नाही. त्यावर कोणी कधी काही बोललेले नाही.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी विषय काढलाच. पगार किती? म्हणाला, अठरा हजार. पावसाळ्यात काम निम्मे होते, तेव्हा मालक कसेबसे देतात. फंड नाही. दिवसभर उभे राहून कंबर धरते. कुवेतला याच्या चौपट मिळेल हे त्याला माहीत होते. त्याने काही लपवले नाही.

"मग अडलं कुठं?"

तो बराच वेळ भाकरीचा तुकडा हातात धरून बसला. "तिथं मी पाइप जोडणाऱ्या पन्नासांतला एक असेन, खाला. अब्बा बावीस वर्षं तेच करतायत, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांच्याच पैशावर शिकलो. पण इथं सायकल गेली की कुठं पोचली ते मला कळतं. लोक फोटो पाठवतात. दाभोळच्या बोटीतलेसुद्धा." मग म्हणाला, "दोन वर्षं द्या. दापोलीच्या रस्त्याला स्वतःचं दुकान टाकायचंय. एवढे सायकलवाले जातात, वाटेत या सायकली जाणणारं कोणी नाही."

मी समजावायला गेले होते आणि माझ्याकडे शब्द नव्हते. वर्गात मी सांगते, राइट बंधू सायकलदुरुस्ती करणारे होते. 1892 साली त्यांनी अमेरिकेतल्या डेटन गावी सायकलीचे दुकान काढले आणि त्याच हातांनी 1903 साली विमान उडवले. सायकलीच्या चेनच त्यांनी विमानाचे पंखे फिरवायला वापरल्या. मुले टाळ्या वाजवतात. आणि माझ्याच घरातला मुलगा सायकल दुरुस्त करतो म्हणून मी त्याला सोडवायला पुण्याला आले होते!

रात्री आपाला फोन केला. जे पाहिले ते सांगितले. पगार, कंबर, वही, भेग, सगळे. "मी त्याला जा म्हणून सांगितलं नाही," म्हणाले. पलीकडे शांतता. मग आपा म्हणाली, "तुझा नवरा घरी आहे. तुला सोपं आहे." फोन ठेवला. महिनाभर तिने मला फोन केला नाही.

तिचे म्हणणे खोटे नव्हते. कागद दिले गेले नाहीत, ती जागा दुसऱ्याला मिळाली, आणि दुल्हाभाईंनी आणखी दीड वर्ष थांबायचे ठरवले. दुखत्या गुडघ्यांनी. भाचा आता दर महिन्याला सहा हजार घरी पाठवतो. हिशेबात ते फार नाहीत. पण दुल्हाभाईंनी फोनवर त्याला विचारले म्हणे, "दापोलीला गाळ्याचं भाडं किती आहे?" आपाने हे मला स्वतः सांगितले, तेव्हा कळले की आमचे बोलणे पुन्हा सुरू झाले आहे.

ईदच्या सुट्टीत तो गावी आला तेव्हा मी त्याला एक सकाळ शाळेत बोलावले. मुलींच्या अकरा सायकली झाडाखाली उभ्या केल्या. त्यांतल्या सात सायकलींचा मागचा ब्रेक लागतच नव्हता, आणि या मुली रोज उताराच्या रस्त्याने येतात. त्याने एकही ब्रेक स्वतः दुरुस्त केला नाही. मुलींच्याच हातात पान्हा दिला. केबल ओढून धरायची, नट आवळायचा, रबर रिमवर नीट टेकते का पाहायचे. आणि शेवटी प्रत्येकीने आपल्या नटावर पांढरी रेघ ओढायची.

वाचक भगिनींनो, आपल्या दारातही एखादी सायकल असेल. मुलगा किंवा मुलगी सकाळी तिच्यावर निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहा. याला अर्धे मिनिट लागते.

मी अजून महिन्यातून एक-दोनदा फेरीबोटीने जाते. पिशव्या बांधलेली सायकल दिसली की जवळ जाऊन वाकून पाहते. परवा एकीवर रेघा दिसल्या, सगळ्या सरळ. सायकलवाल्या बाईंनी विचारले, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही. नीट आवळलंय."