डीएमएलटीचा हिशोब, सोयाबीनच्या वहीत



सोयाबीन फुलोऱ्यात आहे. चक्रीभुंगा आणि पानं खाणाऱ्या अळीवर नजर ठेवा, सकाळी एक चक्कर बांधावरून नाही तर तासातून मारा. पिकाचं एवढंच. आज जरा वेगळा हिशोब मांडतोय. दोन महिने आमच्या घरात हाच विषय चालू होता.

पोरगी बारावी सायन्स झाली. नीटला मार्क बरे पडले, पण एमबीबीएसला लागतात तेवढे नाही. तिनं सांगितलं, "पप्पा, मला डीएमएलटी करायचंय." म्हणजे रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमधलं काम, दोन वर्षांचा डिप्लोमा. पाहुण्यांपैकी अर्धे म्हणाले, लगेच नोकरी आहे, घाला. अर्धे म्हणाले, पैसे लग्नाला ठेवा. आकडा कुणीच सांगेना. मग पिकाचा जमाखर्च लिहितो ती वही काढली आणि कोऱ्या पानावर वर लिहिलं: पीक – डीएमएलटी, कालावधी – २ वर्षं.

आधी खर्च. फी वर्षाला ४५ हजार, दोन वर्षांची ९० हजार. जिल्ह्याच्या गावी रूम आणि मेस महिन्याला ५ हजार, २४ महिन्यांचे १ लाख २० हजार. पुस्तकं, ॲप्रन, परीक्षा फी, येणं-जाणं मिळून ३० हजार. बेरीज २ लाख ४० हजार.

हा आकडा किती मोठा? मागच्या खरिपात ३ एकर सोयाबीन, एकरी ७ क्विंटल उतारा. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता, मला मोंढ्यात ४,१५० मिळाले. आले ८७,१५०. एकरी १९ हजार प्रमाणे खर्च ५७ हजार. उरले ३०,१५०. म्हणजे तिचं शिक्षण आमच्या सोयाबीनच्या जवळपास आठ वर्षांच्या नफ्याएवढं. हे बघून बायको म्हणाली, "अहो, वही मिटा." मी म्हटलं, थांब, अजून पान पूर्ण झालं नाही.

कारण हा निव्वळ खिशातून जाणारा खर्च झाला. हमीभाव काढताना सरकार 'ए२ अधिक एफएल' खर्च धरतं, म्हणजे बी-खत-औषधाबरोबर घरच्या माणसांची मजुरीसुद्धा. तोच नियम इथं लावला. पोरगी शिकायला गेली नाही आणि तालुक्याला दुकानात कामाला लागली, तर महिन्याला ७ हजार मिळतील. दोन वर्षांचे १ लाख ६८ हजार. ते बुडणार, ते खर्चात धरले. उलट घरी राहिली असती तरी जेवलीच असती. त्याचे महिन्याला दीड हजार, म्हणजे ३६ हजार वजा केले. खरा खर्च आला ३ लाख ७२ हजार.

आता उत्पन्न. कॉलेजवाले सांगतात तो पगार लिहायचा नाही, हातात येतो तो लिहायचा. आमच्या भागातल्या तीन पोरा-पोरींना फोन केले, जी आज लॅबमध्ये आहेत. जिल्ह्याच्या गावात सुरुवात १२ हजारांनी. पुण्यात १८ हजारांनी, पण तिथं राहणं-खाणंच ९ हजार. जिल्ह्यात खर्च जाऊन ७ हजार उरतात, पुण्यात ९ हजार. दुकानातलं काम करून घरी राहिली तर साडेपाच हजार उरतात. म्हणजे एवढं शिकून सुरुवातीला महिन्याला जास्तीचे मिळणार दीड ते साडेतीन हजार. जिल्ह्यातच त्याच पगारावर बसून राहिली तर खर्च फिटायला २० वर्षांच्या वर लागतात.

इथं मी दोन दिवस वही बाजूला ठेवली होती. मग त्या तिघांना परत फोन केला आणि एकच विचारलं, तीन वर्षांनी पगार कितीवर जातो? दुकानातला पगार जागेवरच राहतो, लॅबमध्ये हाताला सवय झाली की वाढतो, असं तिघंही म्हणाले. म्हणून दोन पानं केली. पुण्यात तीन वर्षं काढली तर १ लाख २६ हजार फिटतात, राहतात २ लाख ४६ हजार. चौथ्या वर्षी पगार २५ हजार झाला आणि राहण्याचा खर्च १० हजार धरला, तर दुकानापेक्षा महिन्याला साडेनऊ हजार जास्त, बाकी २६ महिन्यांत फिटते. म्हणजे एकूण पाच वर्षं दोन महिने. पगार २० हजारांवरच अडकला तर साडेसात वर्षं. हे पुढचे पगार मी धरलेत, कुणी लिहून दिलेले नाहीत. पावसासारखंच आहे ते.

पाच ते साडेसात वर्षं. मोसंबी लावणाऱ्याला हा काळ नवीन नाही. चार-पाच वर्षं नुसतं पाणी-खत घालायचं, मग बहार धरायचा. मोसंबीत पहिला प्रश्न कुठला असतो? रोप कुठल्या नर्सरीचं आणि डोळा कुठल्या खुंटावर भरलाय. खुंट चुकीचा निघाला तर पाच वर्षांनी कळतं, तोवर पैसा आणि वेळ दोन्ही गेलेलं असतं. कॉलेजचं तंतोतंत तसंच आहे. म्हणून हे खुंटाचं नीट वाचा.

२०२१ मध्ये केंद्रानं या क्षेत्रासाठी स्वतंत्र कायदा केला. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस असली कामं करणाऱ्यांसाठी. त्यात सहायक आरोग्य कर्मचाऱ्याच्या डिप्लोमाला किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं, तेही दोन ते चार वर्षांत विभागलेलं. सहा महिन्यांत, वर्षात लॅब टेक्निशियन करून देतो असा बोर्ड दिसला की हा आकडा आठवा. आम्ही दोन कॉलेजं बघितली. एका ठिकाणी हजेरीची गरज नाही, पास होण्याची हमी, आणि प्रॅक्टिकलला हॉस्पिटल कुठलं विचारलं तर "बघू नंतर". उठून आलो. दुसऱ्याला स्वतःचं हॉस्पिटल आहे, सॅम्पल रोज येतात. तिथं मान्यतेचं पत्र मागितलं, त्यावर कोर्सचं नाव, वर्ष आणि जागा किती हे वाचलं. नोंदणी महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेत होईल का, मागच्या बॅचच्या किती पोरांची झाली, हेही विचारलं. फी वीस हजारांनी जास्त असली तरी चालेल, पण नोंदणी न होणारा कागद नको.

दुसरी गोष्ट. बरेच बाप म्हणतात, पोरगी शिकली की गावात स्वतःची लॅब टाकून देऊ. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय, लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच पाहिजे. टेक्निशियन तपासणी करू शकतो, एकटा रिपोर्ट देऊ शकत नाही. त्यामुळं 'स्वतःची लॅब' हे उत्पन्न मी वहीत धरलंच नाही.

तिसरी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला लागतो. संस्थेनं परस्पर दिलेल्या किंवा मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ती मिळत नाही. आम्हाला मिळाली नाही, म्हणून ९० हजार पूर्ण धरलेत. तुम्ही फॉर्म भरायच्या आधी विचारा, नंतर नाही. सरकारी भरतीच्या जाहिरातीही आधीच वाचा, कुठं डिप्लोमा चालतो, कुठं पदवी मागतात. पोरीनं स्वतः वाचल्या आणि ठरवलं, नोकरी करत करत बीएस्सी पण करायची.

पैशाचं असं केलं. पाइपलाइनसाठी १ लाख ४० हजार साठवले होते, ते लावले. उरलेल्या १ लाखाचं शैक्षणिक कर्ज. ४ लाखांच्या आत बँक साधारणपणे तारण मागत नाही. शिकत असताना व्याज भरत गेलो तर दहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता २,१२५ च्या आसपास पडतो.

कर्जाच्या कागदावर सही करताना माझा मोठा भाऊ म्हणाला, "फेडून होईस्तोवर ती सासरी जाईल. कमाई त्यांची, खर्च आपला. कसला हिशोब मांडतोस?" पोरगी तिथंच होती. ती म्हणाली, "काका, कर्ज माझ्या नावावर आहे. हप्ता मी भरणार, कुठंही असले तरी. आणि पप्पांच्या पाइपलाइनचे पण लिहून ठेवा." दादा काही बोलला नाही. मी घरी आल्यावर वहीत खर्चाच्या बाजूला आमचं नाव ठेवलं आणि उत्पन्नाच्या बाजूला तिचं लिहिलं. पाइपलाइनचे मात्र लिहिले नाहीत. गव्हाणीत टाकलेला चारा कुणी मोजून मागत नाही.

पाइपलाइन दोन वर्षं पुढं गेली. म्हणजे यंदाच्या रब्बीत विहिरीजवळच्या एक एकरालाच पाणी, तिथं हरभरा. बाकी दोन एकरांत ज्वारी, ओल असेल तेवढ्यावर. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ जाहीर झाला होता, मोंढ्यात किती मिळतो ते दिवाळीला कळेल.

तुमच्या घरात कुणी लॅबला, एक्स-रेला, डायलिसिसला असेल तर खाली लिहा. पगार हातात येतो तो, आणि नोंदणी झाली का ते. नाव-गाव नको, आकडा खरा सांगा. पुढच्या वर्षी कुणाचा तरी बाप हेच पान काढून बसणार आहे.

रामराम.