कप्पाला वाकून नमस्कार करावा



गेल्या सत्रात सहावी-सातवीचा वाचन-तास आम्ही जपानच्या भुता-राक्षसांना दिला होता, हे घरोघरी कळले असेलच. काही घरांतून कौतुक आले, तशी तक्रारही आली. एका पालकांनी मुलाच्या वहीत लिहून पाठवले की शाळेने मुलांना घाबरवणाऱ्या गोष्टी सांगू नयेत, मुलगा रात्री पाणी प्यायला एकटा उठत नाही. तक्रार मनापासून केलेली होती. वहीतल्या दोन ओळींत तिचे उत्तर मावणारे नव्हते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत.

जपानी लोककथांतील अशा अद्भुत प्राण्यांना 'योकाई' म्हणतात. त्यांतले सगळेच भयंकर नसतात. एक जण रात्री येऊन झोपलेल्या माणसाची उशी फिरवून ठेवतो. एक जण न घासलेल्या न्हाणीघरातला मळ जिभेने चाटतो. शंभर वर्षे वापरून फेकून दिलेल्या छत्र्या-भांड्यांतही जीव येतो, आणि ती रुसून माणसाला छळतात. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ साली या मंडळींचे सचित्र पुस्तक छापले. तेव्हापासून प्रत्येकाला आपापला चेहरा मिळाला, तो आजतागायत कार्टूनमध्ये दिसतो.

आमच्या मुलांना सर्वांत आवडला तो कप्पा. हा नदीत, डोहात राहतो. अंगाने लहान मुलाएवढा, पाठीवर कासवासारखी ढाल, तोंडाला चोच, आणि डोक्यावर बशीसारखा खळगा, त्यात पाणी. काठावर आलेल्या मुलांना आणि घोड्यांना तो पाण्यात ओढतो. त्याची सगळी ताकद त्या बशीतल्या पाण्यात असते. पण कप्पा वागण्याला मोठा सभ्य! त्याला कुणी वाकून नमस्कार केला की तोही वाकून परत नमस्कार करतो. तो वाकला की पाणी सांडले, आणि पाणी सांडले की ताकद संपली. त्याला काकडी फार आवडते, म्हणून काकडी घातलेल्या भाताच्या गुंडाळीला जपानात 'कप्पामाकी' म्हणतात.

ही गोष्ट सांगितली त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मुले एकमेकांना कमरेपासून वाकून नमस्कार करू लागली. शाळेची शिस्त सुधारली असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही, पण एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. मुलांच्या लक्षात राक्षस राहिला त्याहून अधिक राहिली ती त्याच्यावरची तोड. भीती आणि तोड एकाच गोष्टीत, एकाच दमात हाती आली.

आणि कप्पा निव्वळ थाप आहे का? डोह खोल असतो आणि वरून शांत दिसतो, हे तर खरेच आहे. जपानात तळ्या-नद्यांच्या काठी धोक्याच्या पाटीवर आजही कप्पाचे चित्र आढळते. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्यावर सहलीला गेलेली मंडळी 'नहाना मना है' ही पाटी वाचून पुढे निघून जातात. पाटी आठवणीत राहत नाही, चोच असलेला कप्पा राहतो. जपानच्या इवाते प्रांतात तोनो नावाचे गाव आहे. यानागिता कुनियो यांनी तिथल्या कथा गोळा करून १९१० साली 'तोनो मोनोगातारी' हे पुस्तक काढले. त्या गावात 'कप्पाचा डोह' दाखवतात आणि पर्यटकांना कप्पा पकडण्याचा परवानाही विकत मिळतो. गळाला काकडी लावून लोक काठावर बसतात. ज्या भीतीने एके काळी मुलांना पाण्यापासून दूर ठेवले, तिचीच आज गंमत झाली आहे.

आता रात्री न उठणाऱ्या मुलाविषयी. अकिता प्रांतातील ओगा द्वीपकल्पात वर्षाच्या शेवटच्या रात्री 'नामाहागे' येतात. गावातलेच तरुण राक्षसाचे मुखवटे आणि गवताचे झगे घालून घरात शिरतात आणि मोठ्याने विचारतात, रडणारी, आळशी मुले आहेत का येथे? मुले किंचाळून आई-वडिलांना बिलगतात. तेव्हा घरचा कर्ता पुरुष पुढे येतो, पाहुण्यांना मद्य आणि खाद्य देतो आणि मुलांच्या वतीने सांगतो की आमची मुले चांगली आहेत. पाहुणे पुढच्या वर्षासाठी आशीर्वाद देऊन निघून जातात. २०१८ साली युनेस्कोने मुखवटाधारी देवतांच्या ज्या जपानी प्रथांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत ही प्रथा आहे.

आम्हाला यात मुखवट्यापेक्षा मोलाचा वाटतो तो मध्ये उभा राहणारा बाप. भ्यायलेले मूल आणि राक्षस यांच्यामध्ये घरचे माणूस उभे आहे, हे मूल डोळ्यांनी पाहते. आपल्याकडच्या बागुलबुवाचे उलट आहे. 'जेवला नाहीस तर बागुलबुवाच्या हवाली करीन' असे म्हणतो तेव्हा आपण बागुलबुवाच्या बाजूला जाऊन उभे राहतो! म्हणून त्या पालकांना आम्ही कळवले की चार रात्री मुलाबरोबर उठा, पाणी प्या, आणि स्वयंपाकघरात योकाई असलाच तर त्याची तोड काय, हे त्यालाच विचारा. वर्गात आम्हीही दोन नियम पाळतो. गोष्ट भीतीच्या जागी अर्धी सोडून घंटा होऊ देत नाही, आणि राक्षसाचे नाव घेऊन कुणालाही धमकावत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या घरची आहे. टोकियोच्या झोशिगाया भागात किशिमोजिन या देवीचे जुने देऊळ आहे. ही मूळची भारतातली हारिती. स्वतः शेकडो मुलांची आई असून ती लोकांची मुले पळवून खात असे. बुद्धाने तिचे धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवले. ती आक्रोश करू लागली, तेव्हा बुद्ध म्हणाले, शेकडोंतले एक गेले तर तुझी ही दशा, ज्यांचे एकुलते एक गेले त्यांचे काय? त्या दिवसापासून ती मुलांची रक्षक झाली. तिच्या जपानी नावातले पहिले अक्षर राक्षसाचे आहे. झोशिगायाच्या देवळात ते लिहिताना वरची छोटी रेघ गाळतात, कारण ती शिंगासारखी दिसते. राक्षसी सुधारली, म्हणून अक्षराचेही शिंग गेले!

अजिंठ्याला गेलात तर लेणे क्रमांक २ मध्ये हारिती आणि तिचा पती पांचिक यांची मोठी मूर्ती अवश्य पाहा. तिच्या खालच्या पट्टीत गुरुजी आणि मुले असा चक्क वर्ग भरलेला आहे. राक्षसीच्या पायाशी शाळा कोरणाऱ्या त्या कारागिराला आमचा नमस्कार.

शेवटी भाषेविषयी. लाफ्काडियो हर्न हे १८९० साली जपानात गेले आणि मात्सुए गावी शाळेत इंग्रजी शिकवू लागले. त्यांना जपानी बेताची येई, पत्नी सेत्सु यांना इंग्रजी येत नसे. दोघांनी आपली एक मोडकीतोडकी जपानी तयार केली. सेत्सु जुन्या पुस्तकांतून भुतांच्या कथा वाचून ठेवीत आणि रात्री दिवा बारीक करून सांगत. हर्न यांची एकच अट असे की हातात पुस्तक नको, तुमच्या शब्दांत, तुमच्या मनातले सांगा. त्यातूनच १९०४ साली त्यांचे 'क्वाइदान' हे जगप्रसिद्ध पुस्तक झाले.

हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. या शहरातल्या मराठी घरांत एका वाक्यात दोन भाषा सहज नांदतात. अनेक आजी-आजोबा आम्हाला म्हणतात की आमची मराठी शुद्ध नाही, नातवंडे इंग्रजी शाळेतली, गोष्ट सांगावी कशी? मंडळी, सेत्सु यांनी सांगितली तशीच. कप्पाची गोष्ट आम्हीही अशाच मराठीत सांगितली, आणि एकाही मुलाने व्याकरण विचारले नाही. सर्वांनी विचारले, 'पुढे काय झालं?'

पुढील सत्रात वाचन-तासाला आपल्याकडचे वेताळ, मुंजा, ब्रह्मराक्षस आणि साती आसरा यांना बोलावणार आहोत. सांगायला माणसे हवीत. ज्या आजी-आजोबांना यांतली एखादी गोष्ट आठवत असेल, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. पुस्तक आणू नये. तोड मात्र जरूर आणावी.