उत्तर कोणी द्यायचं?

ऑनलाइन एमबीएची आखणी करताना आपल्याकडे सगळा जीव व्हिडिओंत ओतला जातो. स्टुडिओ आणि स्लाइड्सवर पैसा संपला की 'चर्चा' नावाचा एक कप्पा ठेवायचा आणि विद्यार्थी तिथे आपोआप बोलू लागतील असं धरून चालायचं. या क्षेत्रात वावरताना माझं मत पक्कं होत गेलं की हा क्रमच उलटा आहे. विद्यार्थ्यांना एकमेकांची खरी गरज पडेल, अशी रचना आधी हवी. नुसतं 'बोला' म्हटल्याने कोणी बोलत नाही.

हार्वर्ड आणि एमआयटीने एडेक्स या ऑनलाइन मंचावर चालवलेल्या पहिल्या 17 अभ्यासक्रमांना 8,41,687 नोंदण्या झाल्या. प्रमाणपत्रं मिळवली गेली 43,196. अनेक जण नुसते डोकावायला आले होते, त्यामुळे याला सरसकट अपयश म्हणता येणार नाही. पण नामांकित प्राध्यापकाचं व्याख्यान एकट्याने माणसाला बांधून ठेवत नाही, एवढं त्यातून दिसतंच. 2014 मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने 'कोअर' हा ऑनलाइन कार्यक्रम काढला तेव्हा वर्गातल्या केस पद्धतीचा गाभा उचलला. सगळ्यांची तुकडी एक, मुदती एक. दर तीन ते पाच मिनिटांनी काहीतरी करावंच लागतं. मध्येच पडद्यावर 'कोल्ड कॉल', म्हणजे अवचित प्रश्न, उगवतो आणि थोडक्या वेळात लिहिलेलं उत्तर तुकडीतल्या इतरांना दिसतं. शंकांची उत्तरं प्राध्यापकांनी न देता सहाध्यायांनी द्यायची, हा निर्णय मला सर्वांत धाडसी वाटतो.

यावर लोक म्हणतात, अशा कार्यक्रमात फी भरलेले, निवडून घेतलेले विद्यार्थी टिकणारच. बरोबर आहे, पण फी माणसाला वर्गात धरून ठेवते, अनोळखी सोबत्याची ताळेबंदातली शंका सोडवायला लावत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बोलण्याला गुण ठेवले की 'छान मुद्दा, सहमत आहे' अशा ओळींचा रतीब सुरू होतो. होतो, कारण आपण ओळी मोजतो. तिसरा खास आपल्याकडचा: 'मुलांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेतच की!' आहेत, आणि रात्री बारालाही जागे असतात. तिथे फिरतात जुन्या प्रश्नपत्रिका आणि तयार असाइनमेंट, कारण साऱ्या वर्गाला एकच प्रश्न आणि एकच अपेक्षित उत्तर आपणच दिलेलं असतं. गरज तिथे आहेच, फक्त ती नकलेची आहे.

ती बदलता येते. कांद्याच्या निर्यातीची केस घ्या. एका गटाला फक्त लासलगावच्या लिलावाचे भाव द्या, दुसऱ्याला परदेशी ग्राहकाची ऑर्डर आणि न्हावाशेव्यातून जहाज सुटण्याची तारीख. आता सौदा ठरवायचा तर दुसऱ्या गटाशी बोलणं भाग आहे आणि नक्कल करायला कोणाकडे अख्खं उत्तरच नाही. नोकरी करणाऱ्यांना रोज ठरावीक वेळी जमणं शक्य नसतं. त्यांना दोन दिवसांची मुदत पुरते. चुकीचं उत्तर पसरेल, ही भीती रास्त आहे. म्हणून शिक्षकाने वाचत राहावं, थोडं थांबावं आणि चूक तशीच राहिली तरच मध्ये पडावं.

ऑनलाइन अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझी विनंती एवढीच: पहिला व्हिडिओ चित्रित करण्याआधी, एकट्या विद्यार्थ्याला सुटणार नाही असा किमान एक प्रश्न कागदावर लिहा.