वाटणीपत्र

वाटणी हा शब्द आपल्याकडे हलक्या आवाजात उच्चारतात. लग्नाची बातमी ओसरीवर सांगतात, वाटणीची माजघरात. माझ्यासारख्या कादंबरी लिहिणाराला ह्या शब्दाने आजवर पुष्कळ पाने पुरवली आहेत. दोन भाऊ, एक वाडा, मध्ये नव्या विटांची भिंत आणि तुळशीवृंदावन कोणाकडे जावे ह्यावरून बोलेनाशा झालेल्या दोन जावा! पण संगणकाच्या डिस्कचीही वाटणी करतात, आणि तिच्यातही थोरला, धाकटा, पोटहिस्सा, समाईक विहीर असे सारे काही असते, हे मला उन्हाळ्याच्या सुट्टीत समजले.

प्रसंग असा की, माझ्या जुन्या संगणकावर विंडोज १० नांदत होती. तिची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हा बाहेरच्या जगाशी जो व्यवहार करायचा, पत्रे, बँक वगैरे, तो नव्या लिनक्सवर करावा असे ठरले. मग विंडोज काढूनच का टाकू नये? तर माझ्या तीन कादंबऱ्यांची हस्तलिखिते तिच्यापाशी अडकली होती.

हे अडकणे नीट सांगितले पाहिजे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण मराठी लिहीत होतो ते खरे तर मराठी नव्हतेच. ती अक्षरांची चित्रे होती. 'योगेश', 'सुरेख' असे टाइप असत. संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हेच असायची. टाइप त्यांच्यावर देवनागरीचा अंगरखा चढवी. तो टाइप नसलेल्या यंत्रावर फाईल उघडा, म्हणजे नायिकेच्या अश्रूंच्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि उद्गारचिन्हे ओघळताना दिसतील. रूपांतर करणाऱ्या युक्त्या आहेत. पण जुन्या टाइपात ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी लिहिलेली असते, आणि युनिकोडमध्ये उच्चारली जाते तशी अक्षराच्या नंतर. रफाराचीही अशीच उलटापालट. भाषांतरकाराने वाक्य चुकवावे, तशी ही यंत्रे वेलांट्या चुकवतात. तेव्हा मूळ पान डोळ्यांनी पाहायला जुने घर उभे हवेच होते.

म्हणजे एका डिस्कवर दोन बिऱ्हाडे आली. सुरू करताना विचारायचे, आज कोणाकडे?

वाटणीच्या बाबतीत आम्हा सोलापूरकरांना खरे म्हणजे बुजण्याचे कारण नाही. विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी. आणि ते कल्याण म्हणजे हैदराबादच्या रस्त्याने गेले की लागणारे आजचे बसवकल्याण. बंगालकडचा भाग सोडला, तर बहुतेक हिंदुस्थानातील हिंदू घराण्यांच्या वाटण्या ह्या ग्रंथाच्या आधाराने भांडल्या गेल्या आहेत. मिताक्षरेप्रमाणे मुलाचा हक्क जन्मापासूनचा. डिस्कच्या राज्यात मात्र जन्माला कोणी विचारीत नाही. पहिल्या पानावर नाव लागले तर हक्क, नाही तर नाही.

ते पहिले पान म्हणजे डिस्कचे अगदी आरंभीचे ५१२ बाइट. त्यातले ६४ बाइट वाटणीसाठी राखलेले, प्रत्येकी १६ बाइटांच्या चार ओळी. ओळीत लिहायचे काय? हिस्सा कोणत्या प्रकारचा, कुठून सुरू होतो आणि किती लांब आहे. बस्स! डिस्कवर भिंत नाही, कुंपण नाही, हद्दीचा दगड नाही. आहे तो फक्त सातबारा. ही पद्धत १९८३ सालची. त्या वेळच्या आय.बी.एम.च्या यंत्रात दहा एम.बी.ची डिस्क असे. एवढ्याशा वावराचे चाराहून अधिक तुकडे कोण पाडील, असेच त्या मंडळींना वाटले असावे. आजच्या नव्या यंत्रांत १२८ ओळींची वही असते आणि तिची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी जपून ठेवलेली असते. मला हे फार आवडले. पण माझे यंत्र जुन्या वळणाचे.

ह्या कामाला माझा इंजिनीअरिंगला असलेला पुतण्या आला होता. त्याने पडद्यावर नकाशा उघडला आणि म्हणाला, "काका, चारही ओळी भरल्यात की!"

खरेच भरल्या होत्या. पाचशेची म्हणून घेतलेली डिस्क विंडोज ४६५ दाखवते, कारण विकणारा हजाराने मोजतो आणि यंत्र १०२४ ने. (आपल्या बाजारातही घेण्याचे माप वेगळे आणि देण्याचे वेगळे असतेच.) त्या ४६५ पैकी 'सी' २५० आणि 'डी' २००, उरलेले पंधरा सुरुवातीला आणि शेवटी दोन राखीव तुकड्यांत गेलेले. पाचवा भाऊ जन्मला तर त्याने जायचे कुठे? तलाठ्याला जे उत्तर ठाऊक आहे तेच संगणकवाल्यांनाही सुचले होते: एका ओळीचे पोटहिस्से पाडायचे. त्यासाठी ती ओळ आधी पुसावी लागते. पुसण्याजोगी एकच होती, 'डी'. आणि माझ्या तिन्ही कादंबऱ्या 'डी'मध्येच होत्या.

दोन पेन ड्राइव्ह आणि एक बाहेरची डिस्क अशा तीन ठिकाणी नकला केल्या. प्रत्येक नक्कल उघडून, मधलेच एखादे पान काढून वाचून पाहिले. एक पेन ड्राइव्ह सौभाग्यवतींच्या हवाली केला, तेव्हा त्यांनी तो तळहातावर तोलून विचारले, "ह्यात काय आहे?"

"तीन कादंबऱ्या."

"अगंबाई! मग इतक्या हलक्या कशा?" असे म्हणून त्यांनी तो दागिन्यांच्या डब्यात ठेवला. टीकाकारांनीही इतके थोडक्यात कधी सांगितले नव्हते.

'सी'कडूनही पन्नास जी.बी. मागून पाहिले. रिकामी जागा पुष्कळ होती, पण तिने वीसच सोडले. तिच्या काही फायली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात आणि चालू असताना हलत नाहीत. थोरल्या भावांचा स्वभाव! डिस्कवरही फायलींचे तुकडे विखुरतात, आणि ते एकत्र आणण्याची सोय असते. शेतजमिनीसाठी आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदी आणि तुकडेजोडीचा कायदा झाला, त्याची आठवण झाली. तो रानात जितका पाळला गेला त्यापेक्षा डिस्कवर बरा पाळला जातो.

मग 'डी' पुसण्याचा क्षण आला. बाहेर सोलापूरचा मे महिना, इन्व्हर्टर भरलेला, पंखा गरगरत होता. पुतण्याने बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. चौदा वर्षांचे लिखाण होते. तीन नकला असूनही छातीत धडधडले हे खरे. मी मान हलवली. क्षणात नकाशावरचा तो चौकोन काळा पडला. पुतण्या म्हणाला, "काका, नुसती ओळ गेली. माल अजून जागेवरच हाय. वर दुसरं काही लिहिलं नाही, तोवर शोधून काढता येतो." सातबाऱ्यावरून नाव उडाले तरी पीक रानात उभेच असावे, तसे!

वाटणी अशी झाली. 'डी'चे दोनशे आणि 'सी'ने सोडलेले वीस मिळून २२०. त्यातून लिनक्सला राहायला ६०. स्मृती अपुरी पडली तर टेकायला ८. आणि उरलेले १५२? जुन्या वाटणीपत्रांत शेवटी एक कलम हमखास असते, की विहीर व वहिवाट समाईक राहील. ते १५२ आम्ही समाईक ठेवले, दोघांनाही वाचता येईल अशा धाटणीचे. कादंबऱ्या तिथे परत आणून ठेवल्या.

समाईक जागेची गरज अशी की, ह्या दोघा भावांचे नाते एकतर्फी आहे. धाकटा लिनक्स थोरल्याच्या खोलीत जाऊन वाचू शकतो. थोरल्याला धाकट्याची खोली वाचताच येत नाही आणि कधी कधी तो सरळ विचारतो, हे फॉरमॅट करू का? म्हणून बिऱ्हाड थाटताना थोरल्याला आधी बसवतात. धाकटा मागून येतो आणि दारावरच्या पाटीवर दोघांचीही नावे लिहितो. उलट क्रमाने गेले तर थोरला बहुधा एकट्याचीच पाटी लावतो. शिवाय विंडोज बंद केली तरी ती पुरती झोपत नाही. लवकर उठता यावे म्हणून डोळे मिटून पडलेली असते. तशा अवस्थेत तिच्या खोलीतले सामान हलवले तर घोटाळे होतात. ती सवय आधी मोडावी लागली.

आणि घड्याळ! लिनक्स यंत्रातल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतो, विंडोज त्याच घड्याळाला घरची वेळ समजते. धाकट्याकडून उठून थोरल्याकडे जावे तर साडेपाच तासांचा फरक. सकाळी अकरा वाजता विंडोज साडेपाच दाखवी, भूपाळीची वेळ! एका आज्ञेने ते मिटले. समजूत अर्थातच धाकट्याची घालावी लागली.

सध्या रोज रात्री जेवणे झाली की मी समाईक विहिरीतून एक प्रकरण वर काढतो. थोरल्याकडे मूळ पान पाहून चुकलेल्या वेलांट्यांची यादी कागदावर करतो, मग धाकट्याकडे जाऊन त्या एकेक जागेवर बसवतो. पहिल्या कादंबरीच्या एकशे बाराव्या पानापर्यंत आलो आहे. नायिका अजून माहेरीच आहे, आणि तिच्या वडिलांच्या नावातला रफार काही केल्या जागेवर राहत नाही.