कट्टी, बट्टी आणि थर्ड शिफ्ट

थर्ड शिफ्टवाल्या बापाची पोरं कुजबुजायला फार लवकर शिकतात. आकुर्डीच्या आमच्या चाळीत ते सगळ्यांनाच जमायचं. बाबा भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात टर्नर. रात्रपाळी असली की सकाळी घरी यायचे, आंघोळ, दोन भाकऱ्या, आणि डोक्यावरून चादर. मग शाळेची वेळ होईपर्यंत आम्ही मुक्यानं वावरायचं. ताटावर वाटी आपटली तरी आई डोळे वटारायची. शाळा दुपारची. सकाळभर दाबून ठेवलेला सगळा आवाज आम्ही बारा वाजता वर्गात नेऊन ओतायचो, आणि बाईंकडे त्यावर एकच इलाज होता: लाकडी पट्टी, तीही उभी.

शिफ्ट सोमवारी बदलायची. एखाद्या सोमवारी पोरं अंगात आल्यासारखी का वागतात आणि पुढच्याच सोमवारी तीच पोरं गपगार का बसतात, हे कोडं बाईंना कधी उलगडलं असेल असं वाटत नाही. उत्तर कारखान्याच्या गेटवर लावलेल्या शिफ्टच्या तक्त्यात होतं. पण शाळेच्या भिंतींच्या आत कारखाना नव्हताच. १९५४ मध्ये पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, पुढे बजाज, टेल्को, आणि त्यांच्या मागोमाग असंख्य वर्कशॉप. १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महापालिका. गावंच्या गावं भोंग्यावर जेवू-झोपू लागली. निबंध मात्र आम्ही 'शेतकऱ्याचे मनोगत' असा लिहायचो. निम्म्या वर्गाने शेत पाहिलेलं ते मे महिन्यात साताऱ्याला नाहीतर सोलापूरकडे गेल्यावर. कुणी 'टर्नरचे मनोगत' लिहायला सांगितलं असतं, तर मी पुरवण्या मागितल्या असत्या.

मनातल्या गोष्टींचा मामला वर्गात फारच सोपा करून ठेवला होता. मुलग्याने रडायचं नाही आणि मुलीने चिडायचं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की 'मुलीसारखा रडतोस काय', तिचा आवाज चढला की 'सासरी कसं व्हायचं हिचं'. भीती मात्र दोघांनाही सारखीच वाटली जायची: अंगठे धरणं, कोंबडा, बाकावर उभं राहणं. बाई वाईट नव्हत्या. पुण्याहून लोकलने यायच्या, एका वर्गात पन्नास-साठ पोरं, आणि संध्याकाळची लोकल चुकली की घरचा स्वयंपाक लांबायचा. आमच्या वर्गातली एक मुलगी, तिची आई बाळंतपणाला माहेरी गेली होती, रोज केस पिंजारून यायची. बाई मधल्या सुट्टीत तिला खुर्चीपाशी उभी करायच्या, स्वतःच्या पर्समधला कंगवा काढायच्या आणि घट्ट दोन वेण्या घालून द्यायच्या. 'आईची आठवण येते का गं' असलं काही विचारणं नाही. उलट हलली की पाठीत एक धपाटा, 'नीट उभी राहा'. ती मुलगी आई परत आल्यावरही काही दिवस केस पिंजारूनच येत होती, यातलं मर्म मला फार उशिरा कळलं.

मग आमचं रुसणं-फुगणं जायचं कुठे? मधल्या सुट्टीत. तिथे बाईंचं राज्य संपायचं आणि कट्टी-बट्टीचं सुरू व्हायचं. कट्टी घेणं हे नुसतं बोलणं टाकण्याइतकं साधं काम नव्हतं. करंगळी पुढे करायची ती चारचौघांसमक्ष. साक्षीदाराशिवाय घेतलेली कट्टी कुणी धरत नसे. मुदत आधी ठरायची: 'आजच्यापुरती', 'सहामाही होईपर्यंत', आणि फारच विकोपाला गेलं तर 'जन्मभर', जी साधारण गुरुवारपर्यंत टिकायची. या काळात बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. 'त्याला सांग, माझं खोडरबर परत दे.' तो हातभर अंतरावरच उभा असायचा, पण तिसऱ्याने निरोप शब्दन् शब्द पुन्हा म्हणून दाखवायचा आणि उत्तर घेऊन यायचं. निरोप्याला त्यात एवढा भाव चढायचा, की काही जण भांडण मिटू नये म्हणून झटायचे. बट्टी झाली की दोन बोटं जोडायची आणि गाडीवरची चिंच अर्धी-अर्धी. आपण रागावलोय हे सांगायचं कसं, राग किती दिवस धरायचा, आणि मान खाली न घालता सोडायचा कसा, हे सगळं त्यात येत होतं. मोठ्या माणसांनी त्यातलं एक अक्षर शिकवलेलं नव्हतं.

गोडवे इथे आवरते घेतलेले बरे. कारण अख्ख्या वर्गाने एकदम ज्याच्याशी कट्टी घेतली, त्याला दाद मागायला जागा नव्हती. आमच्या वर्गात असा एक होता. अंगाला रॉकेलचा वास येतो एवढंच कारण. त्याच्या घरी चिमणी होती, वीज नव्हती. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही, आणि हजेरीत त्याचं नाव गाळून पुढचं नाव वाचायची बाईंना दोन-तीन दिवसांत सवय झाली.

काही गोष्टी तर कट्टी-बट्टीच्या आवाक्याबाहेरच्याच होत्या. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोतला संघर्ष टोकाला गेला. राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली हजारो कामगार पुण्यात शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले आणि महिना संपता संपता पोलिसांनी रात्रीतून त्यांना उचलून नेलं. मी तेव्हा तिसरीत. वर्गात कितीतरी जणांचे वडील टेल्कोत, आणि त्यांतही तट: कुणाचे बाबा लढ्यात, कुणाचे कामावर जाणारे. पोरांना ते पक्कं ठाऊक होतं. डबा कुणाच्या शेजारी बसून खायचा ते त्यावर ठरायला लागलं होतं. माझ्या बाकावरचा मुलगा एरवी तोंडाची टकळी थांबवत नसे. त्या दिवसांत तो नुसता पेन्सिलीला टोक करत बसायचा. टोक करायचा, बाकावर दाबून मोडायचा, पुन्हा करायचा. सालपटांचा ढीग फुंकरीने माझ्याकडे यायचा. बाईंनी विचारलं, 'वही का नाही आणलीस?' तो गप्प. बाईंनी पट्टी उचलली, जरा थांबल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. त्यांना माहीत होतं. सगळ्या वर्गाला माहीत होतं. चकार शब्द कुणी काढला नाही. तास भूगोलाचा होता आणि आम्ही पुणे जिल्ह्यातले उद्योग पाठ करत होतो: पिंपरी, पेनिसिलिन, आकुर्डी, स्कूटर.

मुलांच्या मनात डोकावायचं कसं, हे आपल्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं असंही नाही. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' हे पुस्तक १९३२ चं. भावनगरला त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या बायकांनी शाळाच पोरांच्या अंगणात नेली आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात. मूल आपटतं, चावतं, कोपऱ्यात बसतं, ते काहीतरी सांगत असतं, एवढी साधी गोष्ट त्यांच्या कामाच्या मुळाशी होती. तो विचार घाट चढून आमच्या वर्गापर्यंत काही आला नाही. १९७५ पासून देशभर अंगणवाड्या निघाल्या, नावही ताराबाईंच्या अंगणवाडीचंच, पण सेविकेचा दिवस वजनकाट्यात, लसींत आणि आहार वाटण्यात संपायचा. तेही गरजेचंच होतं.

पट्टी गेली ती कायद्याने. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने मारायला मनाई केली आणि मानसिक छळालाही. त्याच्या आदल्या वर्षी बीड जिल्ह्यात शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने 'मूल्यवर्धन' सुरू केलं. पोरांनी गोल बसून, गटात बोलून शिकायचा तो प्रयोग पुढे राज्यात पसरला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात भावनिक विकास अक्षर-अंकओळखीच्या पंगतीला बसला. २०२४ पासून महाराष्ट्रात 'आनंददायी शनिवार' आहे. कागद चांगले आहेत. ते वर्गात शिरल्यावर काय होतं, ते बघायला मी चाकणला जातो.

एकेकाळी कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, आणि महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी सगळीकडे एका ओळीत खोल्या उठल्या. एका खोलीत एक कुटुंब, नळ सामायिक. माझी धाकटी मावसबहीण तिकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते. वर्गात लातूरकडची मराठी, हिंदी, भोजपुरी, ओडिया, सगळं एकाच वेळी ऐकू येतं. तिने भिंतीवर कागदी थाळ्यांचे चेहरे लावलेत: हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला, झोपाळू. प्रत्येकाच्या नावाचा कपडे वाळत घालायचा चिमटा. सकाळी आलं की आपला चिमटा हव्या त्या चेहऱ्याला लावायचा.

सुरुवातीला सगळे चिमटे हसऱ्या चेहऱ्यावर. पोरांना वाटलं, बरोबर उत्तर तेच. एक मुलगी मात्र रोज रागावलेल्या चेहऱ्यावर. बहिणीने काळजीने विचारपूस केली, तर तो लाल रंगाचा होता आणि तिला लाल आवडतो. हा किस्सा बहीण प्रत्येक प्रशिक्षणात सांगते, आणि साहेबांना तो फारसा आवडत नाही.

खरं काम थाळ्यांनी केलं नाही. एक मुलगा चावायचा. मधेच चांगला पंधरवडा जायचा, मग आठवडाभर कुणाच्या ना कुणाच्या दंडावर दातांचा वण. चिमटा कायम हसऱ्यावर. बहिणीला चाळीतलं आठवलं की काय कोण जाणे, तिने हजेरीच्या मागच्या पानावर सगळ्यांच्या आई-बापांच्या शिफ्ट लिहून काढल्या. चावण्याचा आठवडा म्हणजे आईची नाइट. बाप ट्रेलरवर, तो गावाबाहेर. मग तिने त्याला 'तुला कसं वाटतं' असं न विचारता विचारलं, 'रात को किसके पास सोया?' शेजारच्या आंटीकडे. 'उधर एकदम अंधेरा रहता है.' त्या आठवड्यात त्याला आपल्या टेबलाजवळ बसवायचं, वह्या वाटायचं काम द्यायचं, असं तिने सुरू केलं, आणि आईशी बोलून त्याच्या उशाला एक छोटी बॅटरी ठेवायला लावली. चावणं कमी झालं. बंद झालं नाही.

मला यातली शिफ्टची वही चिमट्यांपेक्षा मोलाची वाटते. माझ्या लहानपणी वर्गात कुणी विचारायचं नाही, पण घरी उमाळा यायच्या आत ओळखणारी आजी असायची, शेजारची काकू असायची, दार उघडंच असायचं. चाकणच्या खोलीत कुलूप असतं. आई पॅकिंगला, बाप लाइनवर, दोघंही ठेकेदाराकडे. पोराचं तोंड उतरलंय हे दिवसाउजेडी बघायला माणूस उरलंय ते एकच, शाळेतल्या मॅडम. त्या मॅडमकडे कधी जोडीला दुसरीचा वर्ग असतो आणि मोबाइलवर भरायच्या माहितीची रांग असते.

दुसऱ्या टोकाला रावेत-वाकडच्या शाळा. माझी मुलगी अशाच एका शाळेत जाते. तिथे समुपदेशक आहेत, वर्गात शांत बसायचा कोपरा आहे, त्यात बीन बॅग आणि हलवली की चमकी हळूहळू खाली बसणारी बाटली आहे. ट्रॅफिकमध्ये मी हॉर्न वाजवला की मुलगी मागच्या सीटवरून सांगते, 'बाबा, तुम्ही आत्ता रेड झोनमध्ये आहात.' कौतुक वाटतं, खरंच. तिच्या वयाला मला राग आलाय हे कळायला कुणाच्या तरी पाठीत गुद्दा बसावा लागायचा. पण गेल्या वर्षी तिचं मैत्रिणीशी स्टिकरवरून वाजलं, तर दुपारी चारला ते पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं, पाचला दोन आया एकमेकींना 'नो इश्यूज' लिहीत होत्या आणि दुसऱ्या दिवशी दोघींना समोरासमोर उभं करून सॉरी म्हणायला लावलं. पोरी अजून रागावलेल्याच होत्या. त्यांना चार दिवस तरी द्यायचे होते.

बहिणीच्या शाळेत मधल्या सुट्टीत कट्टी अजून चालते. बिहारच्या पोराची पद्धत वेगळी, लातूरच्या पोरीची वेगळी; कुठलं बोट खरं यावरूनच आधी भांडण होतं. ती मधे पडत नाही. तिचा नियम एकच: सगळ्यांनी मिळून एकाशी कट्टी घ्यायची नाही. तो आठवड्यातून एकदा तरी मोडतो. मग ती सगळ्यांना पटांगणात बसवते, एकटा पडलेल्यालाही, आणि कोण कुणावर का चिडलंय ते तीन-चार भाषांत ऐकून घेते. मधली सुट्टी लांबते, मुख्याध्यापक व्हरांड्यातून घड्याळ दाखवतात, आणि गणिताचा तास मागे पडतो तो शनिवारी भरून काढावा लागतो.