सुपरकारच्या तीन फेऱ्या: पैसे वसूल होतात का?

सुपेला चौकात कुणी लॅम्बोर्गिनी आणून उभी केली, तर ती पुढे जाईल कुठे? रविवारी तर कुठेच नाही. जी. ई. रोडच्या कडेने संडे मार्केट भरलेलं असतं, चादरी, चपला आणि कुकरच्या झाकणांमधून माणसंच कशीबशी वाट काढत असतात. इतर दिवशी उड्डाणपुलावरून ती दोन मिनिटांत पलीकडे जाईल आणि पहिल्याच गल्लीत अडकेल, कारण या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंचांवर असतं आणि आमच्या गल्लीतला गतिरोधक त्याहून उंच आहे.

तरीही सुपेल्यातल्या निम्म्या पोरांच्या मोबाइलच्या पडद्यावर अशीच एखादी पिवळीधमक गाडी दिसते. मला वाटतं, यात थोडा दोष भिलाईच्या रस्त्यांचा आहे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, पोलाद कारखाना उभा राहिला आणि त्याच्याबरोबर सेक्टर आखले गेले. रस्ते रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना झाडं. रात्री साडेदहानंतर ते मोकळे होतात आणि मग बाइकवाली मुलं निघतात. आवाज आमच्या घरापर्यंत येतो. आई उठून दाराची कडी तपासते, जणू ती बाइक घरातच शिरणार आहे.

माझा दादा त्या मुलांपैकी नव्हता, पण वेगाची हौस तीच. फोनवर 'सुपरकार चालवा' अशा जाहिराती यायला लागल्या आणि त्याने ठरवलं, पहिल्या बढतीचे पैसे इथेच घालायचे. तीन फेऱ्यांची रक्कम त्याच्या एका महिन्याच्या पगाराच्या आसपास जात होती. घरात दोन दिवस चर्चा झाली. आईचं म्हणणं, तेवढ्यात वॉशिंग मशीन येईल. बाबांनी एकच विचारलं, "किती वेळ चालवायला देणार?"

हा प्रश्न मला फार बरोबर वाटला, म्हणून हिशेब करून पाहिला. ट्रॅक होता ग्रेटर नोएडाचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे ३० ऑक्टोबर २०११ ला भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. एक फेरी ५.१२५ किलोमीटरची. तीन फेऱ्या म्हणजे सव्वापंधरा किलोमीटरच्या थोडं वर, साधारण सुपेल्याहून दुर्ग स्टेशनला जाऊन यावं एवढंच. सरासरी वेग ताशी १२० धरला तर हे अंतर पावणेआठ मिनिटांत संपतं. त्यातली पहिली फेरी ओळख करून घेण्यात जाते आणि शेवटचा काही भाग ब्रेक थंड करत हळू चालवायचा असतो. मनासारखं चालवायला मिळतात तीन-चार मिनिटं. त्या पहिल्या शर्यतीत सेबास्टियन वेटेलने एक फेरी १ मिनिट २७ सेकंदांत मारली होती. दादा त्याच्या जवळपासही जाणार नव्हता, पण महिन्याच्या पगारात त्याला वेटेलच्या तीन फेऱ्यांएवढाही वेळ जोरात चालवायला मिळणार नव्हता.

तरी आम्ही गेलो. दुर्गहून संपर्क क्रांतीने निजामुद्दीन, तिथून पुढे यमुना एक्स्प्रेसवेच्या दिशेने. दादा, बाबा आणि मी. थंडीचे दिवस, हवेत ती दिल्लीची धुरकट चव.

जागेवर पोचल्यावर पहिल्यांदा गाडी नाही, कागद दिसतात. लायसन्स, सही, आणखी एक सही. मग हेल्मेट. मग एक प्रशिक्षक शेजारी बसतो आणि कुठे ब्रेक दाबायचा, कुठे सोडायचा, हे सांगत राहतो. वळणांच्या आधी शंकू ठेवलेले असतात. त्यांच्या पलीकडे तुमची मर्जी चालत नाही. गाडी होती हुराकान. दहा सिलिंडरचं इंजिन, सहाशेहून जास्त अश्वशक्ती, थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटर गाठायला सुमारे तीन सेकंद. भारतात तिची किंमत तीन कोटींच्या वर होती. तीन सेकंदांत शंभर म्हणजे काय, हे आकड्यातून कळत नाही. साधारण आपल्या वजनाइतक्याच जोराने कुणीतरी आपल्याला पाठीमागच्या सीटमध्ये दाबतं, असं ते वाटतं. बाबा प्लांटच्या रेल मिलमध्ये होते, म्हणून त्यांना मी त्यांच्या भाषेत सांगितलं: तुम्ही २६० मीटरचा रूळ पाठवायचा ना, ताशी २०० किलोमीटरला ही गाडी तो पाच सेकंदांच्या आत मागे टाकते. बाबा म्हणाले, "आम्हाला तो गाडीवर चढवायलाच किती वेळ लागायचा."

दादा उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते आणि तो वेगाबद्दल एक शब्द बोलला नाही. तो ब्रेकबद्दल बोलत होता. सरळ पट्ट्याच्या टोकाला वळण भिंतीसारखं अंगावर येतं, प्रशिक्षक "दाबा, दाबा, अजून दाबा" म्हणतो आणि गाडी खरोखर थांबते. त्याच्या मते पैसे त्याच एका क्षणाचे होते. परत आल्यावर तो आमची आठ वर्षांची हॅचबॅक सुसाट पळवेल, अशी मला भीती होती. झालं उलटं. कुम्हारीच्या पुढे तो आता समोरच्या ट्रकपासून बरंच अंतर ठेवतो, कारण आपल्या गाडीला तसे ब्रेक नाहीत हे त्याला पायातून कळलंय. वीस वर्षं आई हेच सांगत होती, पण ते असो.

बाबा तोवर दुसऱ्या उभ्या गाडीच्या चाकात डोकावत होते. तिथल्या मेकॅनिकने त्यांना सांगितलं, ब्रेकची चकती कार्बन सिरॅमिकची आहे, सांगाडा अॅल्युमिनियम आणि कार्बन फायबरचा. बाबांनी दोनदा विचारून खात्री केली. "म्हणजे आमचं काहीच नाही यात?" मेकॅनिकला विनोद कळला नाही. त्याने अगदी प्रामाणिकपणे बोल्टांची नावं घेतली.

आता व्यवहाराचं बोलू, कारण दादाचा अनुभव चांगला होता म्हणून सगळ्यांनी जावं असं माझं म्हणणं नाही. सहीच्या कागदात गाडीच्या नुकसानीची अट असते. काही झालं तर किती रकमेपर्यंत भरपाई तुमच्याकडून घेणार, हे आकड्यात लिहिलेलं आहे का ते बघा. आकडा नसेल तर सही करू नका. आपल्या देशातल्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी हे वापर वगळलेले असतात, त्यामुळे "इन्शुरन्स आहे हो" एवढ्या तोंडी उत्तरावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. शहराच्या रस्त्यावर "एक चक्कर मारून देतो, एवढे पैसे द्या" अशी महागडी गाडी कुणी देऊ केली, तर आधी नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लागतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी पैसे घेऊन चालवायला देणं नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो. लग्नात नवरदेवासाठी सजवून आणलेली गाडी वेगळी. तिथे चालक त्यांचा असतो आणि बँडच्या मागे ती बैलगाडीच्या वेगाने सरकते.

बंद ट्रॅक म्हणजे धोका संपला असंही नाही. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोजवळ पैसे भरून चालवण्याच्या अशाच एका ट्रॅकवर लॅम्बोर्गिनी संरक्षक कठड्यावर आदळली आणि शेजारी बसलेला प्रशिक्षक दगावला. फेब्रुवारी २०१७ मध्ये लास वेगासजवळ तशाच अपघातात चालवणारा पाहुणा आणि प्रशिक्षक दोघेही गेले. म्हणून ट्रॅकची मोकळी जागा, प्रशिक्षक आणि अॅम्ब्युलन्स बघा. गाडीचा रंग नंतर. आणि मिनिटांवर पैसे सांगणाऱ्याला किलोमीटर विचारा.

मग वसूल होतात का? ज्याला गाडी नुसती बघायची, तिच्यात बसून फोटो काढायचाय, त्याने शेजारच्या सीटवर बसून एक फेरी घ्यावी. ती बरीच स्वस्त पडते, आणि तज्ज्ञ माणूस चालवत असल्यामुळे वेगही जास्त अनुभवायला मिळतो. कर्ज काढून किंवा हप्त्यांवर तर हा शौक अजिबात नको. पावणेआठ मिनिटांचे हप्ते वर्षभर फेडताना कुणालाही राग येईल. ज्याला खरोखर चालवणं शिकायचंय, त्याच्यासाठी मात्र हे पैसे चुकीच्या ठिकाणी जातात असं माझं मत झालंय.

कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, या दोन ट्रॅकवर रेसिंगच्या शाळा चालतात. गाडी एका सीटची, ना एसी ना गाणी, दिसायला खेळण्यासारखी. पण दिवसभर फेऱ्या मारता येतात, चूक कुठे झाली ते कुणीतरी समजावतं, आणि पुढे शर्यतीच्या परवान्यासाठी ते शिक्षण उपयोगी पडतं. लहान मुलांची हौस असेल तर सुरुवात गो-कार्टिंगपासून. त्यासाठी कोल्हापूरला चांगला ट्रॅक आहे. इंदूरजवळच्या पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा मोठा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, नकाशात तो आम्हाला दिल्लीपेक्षा जवळचा दिसतो, पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे. तिकीट काढून आत जाता येत नाही.

दादा सध्या कोईमतूरसाठी पैसे बाजूला टाकतोय. वॉशिंग मशीन आधी आलं, हे आईने मला इथे लिहायला सांगितलंय. बाबाही बरोबर जाणार आहेत. तिथे प्रेक्षकांना बसायला सावली आहे का, एवढं फक्त त्यांना आधी कळवायचं आहे.