कोलन वॉटर मुलींचं की मुलांचं?



एप्रिलची सकाळची शाळा. चौथीतला एक मुलगा कोलन वॉटर लावून आला नि वर्गात हशा पिकला. "बाई, यानं मुलींचा सेंट मारलाय, फुलांचा वास येतोय!" खरं सांगते, मीही हसले. "तुला कशाला रे?" म्हणाले. तो शाळा सुटेपर्यंत मान खाली घालून बसला.

दुसऱ्या दिवशी घरची बाटली नेली. ताप आला की कपाळावर ज्याच्या पट्ट्या ठेवतात तेच, स्वस्तातलं. कापसाचा बोळा वर्गात फिरवला. (त्यात स्पिरिट असतं, म्हणून अंगाला लावायचं नाही, नुसता वास घ्यायचा.) "लिंबू!" "मोसंबीची साल!" फूलही होतंच. मूळ कृतीत लिंबू-संत्र्याच्या सालींचं तेल आणि कडू संत्र्याच्या फुलांचं तेल असतं. सालींचं तेल चटकन उडतं. म्हणून उन्हाळ्यात हे हलकं वाटतं आणि वासही लवकर जातो.

मग सांगितलं, योहान मारिया फरिना या इटालियन माणसाने १८ व्या शतकात जर्मनीतल्या कोलोन शहरात हे बनवलं, म्हणून हे नाव. एवढ्या लढाया करणारा नेपोलियनसुद्धा ते भरपूर वापरायचा.

"म्हणजे मुलांचं!" एक जण ओरडला.

"माझी आजीपण लावते की," मागून एक मुलगी म्हणाली. यावर कुणालाच काही सुचेना.

सगळ्यांसमोर त्या मुलाला म्हटलं, "काल मी हसले, ते चुकलं माझं." तो काही बोलला नाही. जाताना मात्र कापसाचा बोळा मागून घेतला.